सीबी रेडिओची रेंज मिळत नाही? अँटेना कापण्याआधी हे वाचा

अमेरिकेत पिकअपवर किंवा ट्रकवर सीबी (सिटिझन्स बँड, गाड्यांमध्ये आपसात बोलायचा रेडिओ) बसवला की आठवड्याभरात ‘रेंज मिळत नाही’ ही तक्रार येते, आणि पाठोपाठ अ‍ॅम्प्लिफायरची चौकशी. तो तिथे बेकायदा आहे. एएमवर ४ वॉटची मुभा आहे, आणि पॉवर चौपट केली तरी समोरच्याच्या मीटरवर जेमतेम एक एस-युनिट (सिग्नलची ताकद मोजायचा एक टप्पा) वाढतं. दोष बहुतेक वेळा अँटेनात आणि तिच्या अर्थिंगमध्ये असतो.

सगळ्यात जास्त गाड्या अडकतात त्या माउंटच्या स्टडवर, म्हणजे अँटेना ज्यावर बसते त्या बोल्टवर. आरशाच्या दांड्याला ब्रॅकेट, त्यात स्टड, त्याभोवती नायलॉनचा वॉशर. या वॉशरची कॉलर ब्रॅकेटच्या भोकात बसायला हवी. घाईत ती तिरकी बसली की केबलची मधली तार थेट बॉडीला टेकते आणि एसडब्ल्यूआरचा काटा (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते ते हा दाखवतो; १ च्या जितका जवळ तितकं चांगलं) सगळ्याच चॅनेलवर ३ च्या वर जातो. मालक मात्र अँटेना ‘लांब आहे’ म्हणून कापत सुटतो. चार इंच गेले तरी काटा जागचा हलत नाही. शेवटी वॉशर सरळ होतो, पण तोवर अँटेना आखूड झालेली असते, म्हणजे नवी घ्या!

म्हणून आधी मल्टीमीटर. अँटेना काढा, केबल रेडिओपासून सोडवा. केबलच्या टोकाची मधली पिन आणि बाहेरचं कडं यांच्यात बीप वाजता कामा नये. मग ब्रॅकेट ते बॅटरीचं निगेटिव्ह मोजा, १ ओहमच्या आत हवं. जास्त आलं तर रंग खरवडा, स्टार वॉशर घाला. दरवाजाच्या बिजागरीवर विसंबू नका, चेसीपर्यंत विणलेल्या तारेची पट्टी ओढा.

एसडब्ल्यूआर मोकळ्या मैदानात, दारं बंद करून, चॅनेल १, १९ आणि ४० वर मोजा. प्रत्येक चॅनेलवर मीटर नव्याने कॅलिब्रेट करायचा; हे कोणीच करत नाही. ४० वर आकडा जास्त असेल तर अँटेना लांब, १ वर जास्त असेल तर आखूड. लांबी कमी करताना एका वेळी पाव इंच. १.५ च्या खाली आलात की हात आवरा.

अरुंद गाडीवर दोन अँटेना? फक्त शोभा. त्यांच्यात साधारण ९ फूट अंतर लागतं.

घरघर येत असेल तर अँटेनाची केबल काढून ऐका. आवाज गेला तर तो अँटेनातून येतोय: मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवे एकेक बंद करून पाहा. तसाच राहिला तर तो पॉवरच्या वायरमधून येतोय. सिगारेट लायटरचं सॉकेट सोडा, दोन्ही वायर फ्यूज घालून थेट बॅटरीवर न्या.

माइक तोंडापासून दोन-तीन इंचांवर धरा आणि ओरडू नका, आवाज फाटतो. इको (आवाज घुमवणारी सोय) बंद. स्क्वेल्च (कोणी बोलत नसताना येणारी सरसर दाबणारं बटण) सरसर थांबेल तिथेच ठेवा. त्यापुढे फिरवलात तर दूरची गाडी बोलत असते आणि तुम्ही म्हणता, रस्ता रिकामा आहे.