विंडोज ११ आधी ग्राफिक्स तपासा

विंडोज ११ घालायला जुना कॉम्प्युटर फोंड्याहून पणजीच्या दुकानात न्यायच्या आधी घरीच एवढं बघा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, डीएक्सडायग (dxdiag) टाइप करून एंटर मारा. पहिल्या पानावर 'डायरेक्टएक्स १२' (विंडोजची ग्राफिक्स यंत्रणा) दिसलं की बरेच जण खूश होतात, पण तो आकडा विंडोजचा असतो, ग्राफिक्स कार्डाचा नव्हे! खरं उत्तर 'डिस्प्ले' टॅबमध्ये उजवीकडे, 'ड्रायव्हर मॉडेल'समोर मिळतं. ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर; तिथे त्याचा प्रकार, डब्ल्यूडीडीएम (WDDM), २.० किंवा त्याहून मोठा हवा.

१.३ दिसलं तर लगेच कार्ड बाद धरू नका. डावीकडे कार्डाच्या नावाच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर' लिहिलंय का, ते बघा. तसं असेल तर मूळ ड्रायव्हर बसलेलाच नाही. कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तो घाला आणि पुन्हा तपासा. इंटेल एचडी ४००० (प्रोसेसरमधलीच जुनी ग्राफिक्स चिप) असेल तर मात्र ड्रायव्हर बदलूनही काही होणार नाही.

आणि नव्या कार्डावर पैसे घालण्याआधी प्रोसेसर बघाच. इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा असेल, तर बहुधा गाडी तिथेच अडेल.