पायपर जे-थ्री कब: आधी काय तपासायचं, कुठे जपायचं

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, ब्रॅडफर्डमधला विल्यम पायपर यांचा विमानांचा कारखाना 1937 साली जळाला, तेव्हा त्यांनी त्याच राज्यातल्या लॉक हेवनच्या जुन्या रेशीम गिरणीत बस्तान बसवलं. 1938 ते 1947 या काळात जे-थ्री कब ही छोटी विमानं जवळपास 20 हजार बनली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतले हजारो वैमानिक याच पिवळ्या विमानावर घडले. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांत एकेकाळी असलेलं पुष्पक विमानही कबसारखं शेपटीला चाक असलेलंच, त्यामुळे जमिनीवर चालवण्याबद्दल पुढे जे आहे ते त्यालाही लागू पडतं.

कब हे अतिशय सावकाश उडणारं विमान. स्टॉलचा वेग (ज्याखाली पंखांची उचल तुटते तो) ताशी साधारण 38 मैल, म्हणजे 61 किलोमीटर. म्हणून ते निर्धोक आहे असं मात्र समजू नका.

जुनं कब हाती आलं की पहिली नजर पंखांच्या स्ट्रटवर टाका. स्ट्रट म्हणजे पंखाला आधार देणारे पोकळ पोलादी दांडे. त्यांत शिरलेलं पाणी खालच्या टोकाशी साचतं आणि गंज आतून धरतो. बाहेरचा रंग चकचकीत असतो, म्हणून नुसतं डोळ्यांनी पाहून काही कळत नाही. स्ट्रट सीलबंद नसतील तर दर 24 महिन्यांनी अल्ट्रासाउंडने किंवा ठराविक दाबाच्या टोचणीने खालचा भाग तपासावा लागतो. टोचणीने खळगा पडला तर स्ट्रट बाद. शक्य असेल तर सीलबंद स्ट्रटच बसवा. खर्च एकदाच होतो. खालच्या टोकाच्या फोर्कच्या (दुबेळक्या जोडाच्या) आट्यांमध्ये तडे जातात, तेही चुंबकीय तपासणीने पाहून घ्या.

मूळ कबला बॅटरी नाही, स्टार्टर नाही. इंजिन हाताने प्रॉपेलर फिरवूनच सुरू करायचं. शेपटी दोरीने बांधा, चाकांना अडण्या लावा आणि सीटवर जाणकार माणूस बसवा. थ्रॉटल (इंजिनचा जोर कमीजास्त करणारी दांडी) जेमतेम उघडा ठेवा. पात्यावर तळवे सपाट टेकवा. बोटं कडेवरून वळवू नका, कारण इंजिनने उलटा झटका दिला तर हात आत ओढला जातो. मॅग्नेटोचा (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्राचा) स्विच बंद असला तरी त्याची अर्थिंगची तार तुटलेली असू शकते. अशा वेळी पातं नुसतं हलवलं तरी इंजिन पेटतं. त्यामुळे पातं कायम जिवंत आहे असं धरूनच वागा.

जमिनीवर गोची होते ती गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असल्यामुळे. नाक जरा वळलं की मागचं वजन ते वळण आणखी वाढवतं आणि ग्राउंड लूप होतो, म्हणजे विमान जमिनीवरच गर्रकन फिरतं: पंखाचं टोक घासतं, चाकाचा पाय मुडपतो. उतरल्यावर स्टिक (वैमानिकासमोरची उभी दांडी) पोटाशी ओढून धरा आणि विमान पूर्ण थांबेपर्यंत रडरच्या (शेपटीवरच्या सुकाणूच्या) पेडलवरचे पाय चालू ठेवा. दुरुस्ती लहान हवी, पण लगेच हवी. वारा समोरून तिरका असेल तर स्टिक मागे आणि वाऱ्याच्या बाजूला. मागून तिरका असेल तर पुढे आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला.

एकट्याने उडताना मागच्याच सीटवर बसायचं, नाहीतर वजनाचा तोल पुढे जातो. थ्रॉटल कमी करण्याआधी कार्ब्युरेटर हीटचा (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा) खटका पूर्ण ओढा. दमट हवेत ऊन असतानाही कार्ब्युरेटरच्या आत बर्फ धरतो.

जीव जातो तो बहुधा कमी उंचीवरच्या वळणात. 45 अंश कललेल्या वळणात उंची राखायला गेलात तर स्टॉलचा वेग 19 टक्क्यांनी वाढतो, 60 अंशांत 41 टक्क्यांनी. खाली घर किंवा शेत दिसलं की त्याभोवती घिरट्या घालाव्याशा वाटतात, तिथेच घात होतो. कबमध्ये स्टॉलचा इशारा देणारा भोंगा नाही. उजवीकडचं दार उघडं ठेवून उडत असाल तर त्याच्या खालच्या झडपेकडे लक्ष असू द्या. ती आपोआप वर तरंगायला लागली की वेग धोक्याइतका उतरलाय: स्टिक पुढे, थ्रॉटल पूर्ण, मग पंख सरळ.