गणपती सांभाळून ‘स्वयम्’चा कोर्स पुरा करायचा तर

देवगडला माझं झेरॉक्सचं दुकान आहे, ऑनलाइन फॉर्मही भरून देते. दर ऑक्टोबरात एखादं कॉलेजचं पोर येतंच : “काकी, कोर्स झाला, सर्टिफिकेट कुठून काढू?” परीक्षेचा फॉर्म भरलास का, विचारलं की तोंड उतरतं.

म्हणून आधी हे ऐका. ‘स्वयम्’ ही केंद्र सरकारची ऑनलाइन कोर्सची वेबसाइट, २०१७ पासून चालू आहे. तिथे कोर्सला नाव घालणं, व्हिडिओ बघणं, असाइनमेंट सोडवणं सगळं फुकट. सर्टिफिकेटसाठीची परीक्षा मात्र वेगळी : तिचा फॉर्म वेगळा, फी वेगळी, मुदतही वेगळी. ‘स्वयम्’वरच्या आयआयटीवाल्यांच्या एनपीटीईएल कोर्सला एका परीक्षेचे १००० रुपये पडतात. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते, घरी बसून नाही. शहर निवडताना एसटीचं वेळापत्रक बघा आणि नाव मार्कशीटवर आहे तसंच घाला.

नाव घालण्याआधी कॉलेजात विचारा, की याचे क्रेडिट डिग्रीत धरणार का. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१च्या नियमानुसार एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत कोर्स ‘स्वयम्’वरून करता येतात, पण कोणते चालतील ते कॉलेज ठरवतं. तोंडी “हो हो” वर जाऊ नका, लेखी घ्या.

आता खरी मेख. जुलैची बॅच म्हणजे भर पावसातली. लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि मध्येच गणपती! घरात मुंबईचे चाकरमानी, आरत्या, भजनं, मोदकांचं सारण. त्यात असाइनमेंट कोण सोडवणार? पण एनपीटीईएलचा हिशोब आपल्या सोयीचा आहे. १२ आठवड्यांच्या कोर्सात बारापैकी सगळ्यांत चांगल्या ८ असाइनमेंट धरतात, ८ आठवड्यांच्या कोर्सात ६. म्हणजे बारावाल्याला चार सुट्ट्या. त्या जुलैतच आळसात उडवू नका, गणपतीसाठी राखून ठेवा.

दुसरं, मुदतीच्या आत असाइनमेंट कितीही वेळा सबमिट करता येते, शेवटची धरली जाते. तेव्हा ती उघडली त्याच दिवशी जमेल तशी भरून टाका, मग व्हिडिओ बघून सुधारा. शेवटच्या रात्री साडेअकराला रेंज शोधत गच्चीवर चढणारी पोरं मी बघितली आहेत. व्हिडिओ यूट्यूबवरही असतात, रेंज असेल तिथे डाऊनलोड करून ठेवा.

असाइनमेंटचे २५ गुण, परीक्षेचे ७५. पास व्हायला दोन्हीकडे वेगवेगळे गुण लागतात : २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०. परीक्षेत ६० पडले आणि असाइनमेंटला ८, तरी सर्टिफिकेट नाही.

पहिल्यांदाच करत असाल तर ४ आठवड्यांचा घ्या. त्यातल्या ३ असाइनमेंट धरतात.