मातीवरची पुरुष दुहेरी: चेंडू सोडा, पाय बघा

टेनिसची दुहेरी बघायला मला ताईने शिकवलं, तेही ओरडून. ‘चेंडूकडे काय बघतेस? तो कुठे पळून जाणारे?’ त्या दिवशी मी हट्टाने नेटजवळ वाकून उभ्या असलेल्या खेळाडूवर डोळे रोवले. तीन गुण झाले, त्याने चेंडूला हातही लावला नाही, आणि तिन्ही गुण त्याच्यामुळेच मिळाले हे मला चौथ्या गुणाला कळलं. तेव्हापासून वही घेऊन बसते. एकेरी बघणाऱ्या मैत्रिणी विचारतात, ‘यात बघायचं काय असतं, दोन मिनिटांत गुण संपतो’ (मिनिटं कसली, चार-पाच सेकंद), त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सुरुवात ड्रॉपासून, म्हणजे कोण कुणाशी भिडणार त्या तक्त्यापासून, करा. एटीपीच्या (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस मालिकेच्या) छोट्या, म्हणजे 250 दर्जाच्या, मातीवरच्या स्पर्धेत दुहेरीला साधारण 16 जोड्या असतात आणि चार मानांकनं. अग्रमानांकित जोडी कागदाच्या एकदम वर, दुसरी एकदम तळाला, तिसरी आणि चौथी ड्रॉच्या उरलेल्या दोन पाव भागांमध्ये चिठ्ठी टाकून. चार सामने जिंकले की विजेतेपद. रोलाँ गॅरोसला, म्हणजे फ्रेंच ओपनला, 64 जोड्या असतात, तिथे सहा जिंकावे लागतात. मानांकन जोडीचं असलं तरी हिशेब दोघांच्या क्रमवारीची बेरीज करूनच होतो. म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका. दहावा आणि बारावा मिळून कालच एकत्र आलेले असू शकतात, आणि बेरजेत बरेच मागे असलेले दोघं सहा वर्षं एकमेकांच्या पाठीमागे उभे राहिलेले असू शकतात.

मी ड्रॉवर पेन्सिलीने दोनच खुणा करते. जुनी जोडी असेल तर नावापुढे टिंब. दोघंही एकेरीतले असतील तर फुली. फुलीवाल्यांकडे मातीवर जास्त लक्ष द्या. गवतावर किंवा वेगवान हार्ड कोर्टवर दुहेरीचे मुरलेले खेळाडू त्यांना फार वेळ टिकू देत नाहीत. मातीवर मात्र बेसलाइनवरून (कोर्टच्या मागच्या रेषेवरून) मारायला वेळ मिळतो आणि फुलीवाले अंगावर येतात. 2008 साली माँटे कार्लोच्या मातीवरच्या स्पर्धेत नदाल आणि रोब्रेदो यांनी अंतिम सामन्यात भूपती आणि नोल्स या दुहेरीच्या पक्क्या जोडीला 6-3, 6-3 असं हरवलं होतं. पण फुलीचा एक धोकाही आहे. एकेरीत पुढे गेलेला खेळाडू दमला किंवा पाय दुखावला, तर पहिला बळी दुहेरीचा जातो. तुम्ही सामन्यासाठी जागा धरून बसता आणि फलकावर ‘वॉकओव्हर’ येतं. पाऊस पडून वेळापत्रक चेपलं गेलं असेल तर हे हमखास धरा, आणि त्या दिवशीचा दुसरा एखादा सामना हाताशी ठेवा.

आता कोर्ट. दुहेरीचं कोर्ट 10.97 मीटर रुंद, एकेरीचं 8.23. दोन्ही बाजूंच्या गल्ल्या प्रत्येकी 1.37 मीटरच्या. सर्व्हिसचे चौकोन मात्र तेवढेच राहतात, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही: गल्लीत पडलेली सर्व्हिस दुहेरीतही बाहेरच. नेट मधोमध 0.914 मीटर आणि खांबांपाशी 1.07. म्हणजे मधून जाणाऱ्या फटक्याला वीतभर सवलत मिळते. दुहेरीत एवढे फटके दोघांच्या बरोबर मधून का जातात, त्याचं अर्धं उत्तर या 15-16 सेंटिमीटरमध्ये आहे. उरलेलं अर्धं, ‘तू घेशील’ ‘मला वाटलं तू घेशील’ या संवादात.

आणि माती. लाल दिसतो तो थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा, विटांच्या पुडीचा. त्याखाली चुनखडीचा भुगा दाबून बसवलेला. वरची पूड चेंडूचा वेग खाते आणि त्याला वर उचलते. टप्पा पडून उसळणारी किक सर्व्हिस खांद्याच्या वर जाते, ताशी दोनशे किलोमीटरची सरळ सर्व्हिस मात्र हार्ड कोर्टवर देते तेवढे फुकट गुण देत नाही. रिटर्न करणाऱ्याला, म्हणजे सर्व्हिस परतवणाऱ्याला, क्षणभर जास्त मिळतो. दुहेरीत तो क्षण सगळ्यांत महाग पडतो नेटवरच्या जोडीदाराला. तो लवकर हलला तर रिटर्न करणारा त्याला बघून गल्लीतून मारतो. उशिरा हलला तर चेंडू निघून गेलेला असतो.

म्हणून पहिले चार गेम मी असे वाटून घेते. चार गेममध्ये चौघांची एकेक सर्व्हिस होते, तेवढ्यात चौघांची ओळख होऊन जाते. पहिल्या गेमला फक्त सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार. चेंडूकडे अजिबात बघायचं नाही. तो कुठे उभा आहे: गल्लीला चिकटून, चौकोनाच्या मधोमध, की मधल्या रेषेवर नेटखाली डोकं घालून बसलेला? शेवटची रचना आय फॉर्मेशन. तो कुठल्या बाजूला उठेल हे समोरच्याला शेवटपर्यंत कळू नये, एवढ्यासाठी ती कसरत. दुसऱ्या गेमला रिटर्न करणाऱ्याचा जोडीदार. हा माणूस दुहेरीत सर्वांत दुर्लक्षित. सर्व्हिस रेषेपाशी उभा असेल तर जोडीला आपल्या रिटर्नवर भरवसा आहे. दोघंही बेसलाइनवर गेले असतील तर समोरच्या सर्व्हिसचा धाक आहे, किंवा लांब रॅली करून दमवायचा बेत आहे. मातीवर हे ‘दोघं मागे’ फार दिसतं, त्याला भित्रेपणा समजू नका. तिसऱ्या गेमला रिटर्न करणाऱ्याचे पाय. चौथ्याला सर्व्हिस करणारा, पण सर्व्हिस झाल्यानंतरचा: धावत पुढे येतो की मागेच थांबतो? स्पेनचा मार्सेल ग्रानोयेर्स सर्व्हिस करून मागे थांबतो आणि तिथून जोडीदारासाठी गुण रचतो. त्याने आणि डावखुऱ्या ओरासिओ झेबायोसने 2025 साली रोलाँ गॅरोस जिंकलं, अंतिम सामन्यात 6-0, 6-7, 7-5. सर्व्हिस केली की पुढे पळायचंच, हा दुहेरीचा नियम मानणाऱ्यांनी हा सामना जरूर शोधून बघावा.

पाचव्या गेमपासून मोकळं बघा. तोवर डोळ्यांना सवय झालेली असते.

नेटवरचा माणूस पाठीमागे हात नेऊन बोटांनी काहीतरी सांगतो, तेही बघा. जोडीजोडीत खुणा बदलतात. साधारण मूठ म्हणजे ‘मी जागेवरच’, उघडा पंजा म्हणजे ‘मी तिकडे पळणार, माझी बाजू तू झाक’. ताई आणि मी क्लबमध्ये खेळायचो तेव्हा आमचंही ठरलेलं होतं. एका सामन्यात मी घाम पुसायला हात मागे नेला आणि पंजा उघडा राहिला. ताई इमानदारीत पलीकडे धावली, मी जागेवर उभी, आणि रिकाम्या अर्ध्या कोर्टात समोरच्या बाईंनी अगदी हळू, जणू पाहुण्यांपुढे बशी सरकवावी तसा चेंडू ठेवला. व्यावसायिक खेळाडूंचंही असं होतं, वर्षातून एकदा. दोघं एकाच बाजूला गेलेले दिसले की फटका हुकला म्हणून हळहळू नका, खूण हुकली आहे.

आता मातीची खरी गंमत. हार्ड कोर्टवर कोण कुठे होतं हे गुण संपला की हवेत विरतं. माती लिहून ठेवते. प्रत्यक्ष मैदानात बसला असाल तर जागा बेसलाइनच्या मागे, थोडी उंचावर निवडा. बाजूला बसून चेंडू छान दिसतो पण मातीत उमटलेल्या खुणा दिसत नाहीत. बाजू बदलताना खेळाडू खुर्चीत बसले की कोर्ट वाचायला घ्या. चौकोनांमधल्या रेषेवर टाचांनी खरवडलेला पट्टा असेल, तर आय फॉर्मेशन वारंवार लावली गेली. डाव्या गल्लीच्याही बाहेर, बेसलाइनच्या मागे लांबच लांब घसरण्याची रेघ असेल, तर किक सर्व्हिसने कुणाला तरी बाहेर खेचलं. नेटपासून दोन पावलांवर जोडीने दोन खळगे म्हणजे नेटवाल्याने जागच्या जागी छोटी उडी मारून तोल साधला, आणि थांबला. चेंडूच्या खुणाही बोलतात: वरून आलेला लॉब गोलसर ठसा सोडतो, सपाट आलेली सर्व्हिस लांबोडका.

वहीतला एक गुण सांगते. 30-40, दुसरी सर्व्हिस, डावीकडच्या चौकोनात. किक बाहेर उसळली, उजव्या हाताने खेळणारा रिटर्नवाला बॅकहँडसाठी पार गल्लीपलीकडे घसरत गेला. कॅमेरा त्याच्यावर, टाळ्या त्याला. त्याने फटका सर्व्हिस करून पुढे येणाऱ्याच्या बुटांपाशी टाकला, त्याने कसाबसा वर काढला आणि रिटर्नवाल्याच्या जोडीदाराने तो दोघांच्या मधून संपवला. गेम मोडला. नंतर खुणा बघितल्या, तर त्या जोडीदाराच्या दोन पावलांचे पुढचे चवडे मातीत खोल रुतलेले, सर्व्हिस रेषेपासून नेटच्या दिशेने. त्याला एवढं पुढे पोहोचायचं तर फटका बसताबसताच निघायला हवं होतं. रिटर्न खाली पडणार हे त्याने जोडीदाराच्या घसरण्यावरून ओळखलं. माझ्या वहीत त्या गुणापुढे घसरणाऱ्याचं नाव नाही.

गुणमोजणीत एक फरक आहे, तो आधीच माहीत असू द्या. एटीपीच्या नेहमीच्या स्पर्धांत दुहेरीला 40-40 झालं की ॲडव्हान्टेज नाही, म्हणजे दोन गुणांची आघाडी लागत नाही. एकच निर्णायक गुण, आणि कुठल्या बाजूला सर्व्हिस घ्यायची हे रिटर्न करणारी जोडी ठरवते. इथे टीव्ही लावून चहाला उठू नका. दोघांतला कोण पुढे होतो यावरून त्या जोडीला स्वतःविषयी काय वाटतं ते कळतं. मातीवर सर्व्हिस जड जात नसल्यामुळे हा प्रसंग वरचेवर येतो. आणि सेट 1-1 झाले की तिसरा सेट नाही, थेट 10 गुणांचा टायब्रेक, दोन गुणांच्या फरकाने. 2017 साली बोपण्णा आणि पाब्लो कुएव्हास यांनी माँटे कार्लो असंच जिंकलं: 6-3, 3-6, 10-4. या टायब्रेकआधी जोडीला आपापसातला सर्व्हिसचा आणि रिटर्नच्या बाजूंचा क्रम बदलता येतो. खुर्चीवर काही कुजबुज दिसली तर पहिल्या दोन गुणांतच बदल झाला का ते तपासा.

रोलाँ गॅरोसला हे दोन्ही नाही. तिथे ॲडव्हान्टेज आहे, तिसरा सेट आहे, आणि त्यात 6-6 झालं तरच 10 गुणांचा टायब्रेक. त्यामुळे तिथे सामना हातातून जायला आणि परत यायला जागा असते. 2022 च्या अंतिम सामन्यात डोडिग आणि क्रायचेक यांना विजेतेपदाचे तीन गुण मिळाले होते, तरी अरेव्हालो आणि रोयेर जिंकले. पुढच्या वर्षी त्याच डोडिग-क्रायचेकनी करंडक उचलला. पेस-भूपतींची दोन्ही रोलाँ गॅरोस, 1999 आणि 2001, सरळ दोन सेटमध्ये संपली. ताईचं आवडतं 1999 चं, इव्हानिसेविच आणि टारँगोविरुद्धचं. तिच्या मते त्या सामन्यात पेस जेवढा हलला त्याहून जास्त त्याने हलतोय असं भासवलं.

चेंडू आत की बाहेर यावरून सोफ्यावर भांडण होतंच, म्हणून तेही. 2025 पासून एटीपीच्या मातीवरच्या स्पर्धांतही रेषेचा निर्णय यंत्र देतं आणि ठसा ग्राह्य धरत नाहीत. त्या वर्षी माद्रिदला झ्वेरेवने एकेरीच्या सामन्यात ठशाचा मोबाइलने फोटो काढला आणि बदल्यात ताकीद मिळवली. रोलाँ गॅरोसने मात्र 2025 सालीही माणसंच ठेवली होती. तिथे पंच खुर्चीतून उतरून ठसा बघायला येतात. दुहेरीत तक्रार करायची तर खेळ थांबायला हवा. एकजण बोट दाखवतोय आणि जोडीदार तिकडे पुढचा फटका मारतोय, हे दृश्य दिसलं की त्यांच्यात रात्री जेवताना काय बोलणं होईल याचा अंदाज बांधत बसायला मला आवडतं.

सेट संपला की मात्र घाई करा. मैदानाचे कर्मचारी रुंद जाळ्या ओढत येतात, मग झाडूने रेषा उजळवतात, आणि दीड-दोन मिनिटांत सगळं कोरं. ताई तेवढ्यात माझी वही ओढून घेते, कोर्टकडे बोट दाखवून म्हणते, ‘सांग, नेटवाला शेवटच्या गेमला कुठून निघाला?’ मी शोधत असते, आणि जाळी त्याच कोपऱ्यापासून सुरू झालेली असते.