सेक्शनमध्ये बोअरहोल सीमपासून सुटतात? आधी स्ट्राइक बघा

चंद्रपूरकडच्या एका ओपनकास्टच्या (उघड्या खाणीच्या) भूगर्भीय मॉडेलमधून सेक्शन, म्हणजे उभे छेद, काढत होतो. मॉडेल तपासलेलं, डीटीएमला (सीमच्या डिजिटल पृष्ठभागाला) कुठे भोक नाही. तरी सेक्शनवर एका बोअरहोलमधली (तपासणीसाठी पाडलेल्या छिद्रातली) सीमच्या तळाची खूण चक्क मॉडेलमधल्या सीमच्या (कोळशाच्या थराच्या) तळापासून 12 मीटर वर तरंगत होती. ऑफिसात सगळ्यांचं एकच, "लॉगिंग (बोअरहोलमधल्या थरांची नोंद) चुकलंय."

लॉगिंग बरोबर होतं. जुन्या सेक्शन लाइन ग्रिडप्रमाणे पूर्व-पश्चिम आखलेल्या होत्या आणि सीमचा स्ट्राइक (उताराला काटकोनातली आडवी दिशा) त्यांच्याशी जेमतेम 30 अंशांत. खरा डिप (उतार) 10 अंश, पण अशा तिरक्या छेदात तो 5 अंशच दिसतो. कॉरिडॉर (ज्या पट्ट्यातले बोअरहोल सेक्शनवर दाखवायचे तो) दोन्ही बाजूंना 100 मीटर ठेवलेला. त्यामुळे 80 मीटर लांबचा बोअरहोलही सॉफ्टवेअर सेक्शनला काटकोनात सरळ ओढून त्यावर चिकटवतं. सीम त्या दिशेने 80 मीटरमध्ये सुमारे 12 मीटर उतरते. झाला हिशेब!

मग सीमच्या तळाचे कंटूर (समान उंचीच्या रेषा) काढले, त्यांना काटकोनात नव्या लाइन आखल्या. आता बोअरहोल स्ट्राइकच्याच दिशेने सरकून येतो, म्हणून उंची बदलत नाही. फॉल्टजवळ (थर तुटून सरकलेल्या जागी) मात्र कॉरिडॉर अरुंदच ठेवा, नाहीतर पलीकडच्या ब्लॉकचा बोअरहोल अलीकडे येऊन बसतो.

एक राहिलंच. प्रिंटमध्ये उभी स्केल पाचपट असेल तर तसं ठळक लिहा. 10 अंशांची सीम 41 अंशांची दिसते आणि मीटिंगचा अर्धा तास त्यातच जातो.