घरच्या घरी बुटाला रबरी सोल लावताय? या चुका टाळा

बुटाच्या तळाला लावायचे रबरी प्रोटेक्टर हल्ली ऑनलाइन सहज मिळतात, गोंदाचा डबा रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतो आणि अर्ध्या तासात बूट नवा करून दाखवणारे व्हिडिओ तर ढिगाने आहेत. त्यामुळे पावसाळा सुरू झाला की सोसायटीतलं किंवा नात्यातलं कुणी ना कुणी लोंबकळणारा तळ घेऊन माझ्या दारात उभं असतं. 'गोंदच डुप्लिकेट निघाला' हे पहिलं वाक्य ठरलेलं. गोंद बहुतेक वेळा चांगलाच असतो. चिकटवणं हे या कामातलं सगळ्यात छोटं काम आहे, आणि घोळ होतो तो त्याच्या आधी.

तळ न तपासता कामाला लागणं

प्रोटेक्टर म्हणजे एक-दोन मिलिमीटर जाडीचा रबराचा तुकडा. ज्यावर तो लावायचा ते धड नसेल तर बाकी सगळी मेहनत पाण्यात जाते.

माझ्या मावसभावाने माळ्यावरून ट्रेकिंगचे बूट काढले. खोक्यात ठेवलेले, फारसे न वापरलेले, वरून अगदी चांगले. चवड्याखालची नक्षी थोडी झिजली होती म्हणून त्याने प्रोटेक्टर मागवले, तळ नीट घासला, गोंद लावला, वेळही दिला. काम खरोखर स्वच्छ केलं होतं. रविवारी सिंहगडला गेला. आतकरवाडीकडून चढताना उजव्या बुटाचा तळ बोटांकडून सुटला, उतरताना डावाही गेला. बूट लेसने बांधून तो कसाबसा खाली आला आणि संध्याकाळी माझ्याकडे. "ताई, गोंद डुप्लिकेट." मी सुटलेला तुकडा उलटा करून पाहिला. प्रोटेक्टर खालच्या रबराला घट्ट होता, नखाने उचकटूनही निघेना. सुटला होता तो बुटाचा मधला थर. त्यावरून बोट फिरवलं की मारी बिस्किटासारखा भुगा पडत होता.

तो थर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा होता. हवेतल्या दमटपणाने हे मटेरियल आतून हळूहळू तुटत जातं, बूट खोक्यात बंद असला तरी. म्हणून गोंदाचा डबा उघडण्याआधी बूट दोन्ही हातांनी चवड्यापाशी वाकवा आणि बाजूने दिसणाऱ्या थराकडे उजेडात बघा. बारीक भेगा उमटल्या, नख दाबल्यावर कण सुटले किंवा थर चिकट लागला, तर तिथेच थांबा. त्या बुटाला प्रोटेक्टर लावून काही होणार नाही, अख्खा तळ बदलावा लागतो.

चामडी तळ असेल तर चवड्याच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबा. मऊ लागला, आत गेला, तर चामडं संपत आलं आहे. त्याला हाफ सोल, म्हणजे तळाचा पुढचा अर्धा भाग नवा हवा आणि ते काम कोपऱ्यावरच्या गटई स्टॉलवर द्या. ज्यांच्या हातात रापी आणि आरी उभ्या आयुष्याची आहे त्यांच्याशी घरात बसून बरोबरी करायला जाऊ नये. मला विचाराल तर चामडी तळाचा बूट नवा असतानाच, महिनाभर वापरून तळ जरा खरखरीत झाला की प्रोटेक्टर लावावा. लोक भोक पडेपर्यंत थांबतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

गोंद ओला असताना चिकटवणं

माझ्याकडे येणाऱ्या बुटांत सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही.

या कामाचा गोंद म्हणजे रबर सोल्युशनच्या जातीचा पिवळसर गोंद. फेव्हिबाँड, एसआर ५०५ वगैरे नावांनी मिळतो. तो ओला असताना धरत नाही. दोन्ही बाजूंना, तळाला आणि प्रोटेक्टरला, पातळ हात द्यायचा आणि त्यातला द्रव उडून जाईपर्यंत दोन्ही वेगळे ठेवायचे. सुकलेला थर सुकलेल्या थरावर दाबला की ते एकमेकांना धरतात. ओले असताना मिटवलेत तर द्रव दोन रबरांच्या मध्ये अडकतो, त्याला बाहेर पडायला वाट नसते. वरून सगळं छान दिसतं, आत गोंद कितीतरी दिवस मऊ राहतो आणि पर्वतीच्या पायऱ्या चढताना प्रोटेक्टर सरकतो.

किती थांबायचं? कोरड्या हवेत १० ते १५ मिनिटं. पण घड्याळावर जाऊ नका. बोटाची मागची बाजू थरावर हलकेच टेकवा. चिकटल्यासारखं वाटलं पण तार सुटली नाही, तर वेळ झाली. चामडं पहिला हात पिऊन टाकतं, म्हणून त्याला पहिला सुकल्यावर दुसरा द्यावाच लागतो. मी गोंद लावला की मेथी निवडायला बसते. जुडी संपेपर्यंत बुटाकडे बघायचं नाही, हा नियमच करून घेतला आहे. हात मोकळे असले की माणूस चुळबुळ करतो आणि लवकर चिकटवतो.

पुण्याच्या पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. गोंदातला द्रव उडताना थर गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. थर पांढुरका, धुरकट दिसू लागला की समजा पाणी बसलं. त्यावर प्रोटेक्टर दाबू नका. हेअर ड्रायरने हलकी ऊब द्या, पांढुरकेपणा जाऊ द्या, मगच जोडा. झड लागलेली असेल तर मी हे काम काढतच नाही. भाच्याने ऐन जुलैत रात्री काम उरकलं आणि सकाळी तेच बूट घालून मुलाखतीला गेला. "मावशी, पाच मिनिटांत धरतं असं व्हिडिओत होतं." त्या व्हिडिओत बूट घालून कोणी चाललेलं नसतं. दाबून झाल्यावर एक पूर्ण दिवस बूट पायात घालायचा नाही, यावर माझ्याकडे तडजोड नाही.

आणि हे काम गॅलरीत करा. या गोंदाची वाफ पेट घेते. पेटता गॅस, निरांजन, उदबत्ती यातलं काहीही जवळ नको, आणि बंद खोलीत तर बसूच नका.

वरवरचं घासणं

नव्या तळावर साच्यातून येणारा गुळगुळीत, चकचकीत थर असतो. त्यावर काहीच टिकत नाही. ६० किंवा ८० नंबरचा पॉलिश पेपर घ्या आणि चमक पूर्ण जाईपर्यंत घासा, प्रोटेक्टरची गुळगुळीत बाजूसुद्धा. नंतर कोरड्या ब्रशने धूळ झाडा, थिनरचा बोळा फिरवा आणि तो सुकू द्या. ओल्या फडक्याने पुसलंत तर घासण्याचा उपयोग शून्य. शिवणीपाशी हात आवरता घ्या, दोरा तुटला की मोठं काम निघतं.

कोल्हापुरीला रबर लावणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. चामडं मऊ राहावं म्हणून आपण तिला तेल देतो आणि ते तेल तळात मुरतं. तेलकट तळाला गोंद धरणार नाही. आधी रबर लावा, तेल नंतर आणि तेही वरच्या बाजूनेच. तिला खिळे तर मारूच नका. अस्सल कोल्हापुरी चामड्याच्या वादीनेच शिवलेली असते, खिळ्याने वादी तुटते.

मागची कड चुकीच्या जागी

प्रोटेक्टरची मागची कड चवड्याखाली, पाय वाकतो तिथे आली की ती उचकटणारच. ती तळाच्या अरुंद भागात न्या, जिथे बूट जमिनीला टेकत नाही. चिकटवण्याआधी ती कड कटरने किंवा पॉलिश पेपरने तिरपी, पातळ करून घ्या. मी बूट प्रोटेक्टरवर ठेवून पेन्सिलने आकार काढते आणि रेषेबाहेर थोडं रबर सोडूनच कापते. जोडून झाल्यावर जादाचं रबर धारदार कटरने एका दमात काढायचं. कात्रीने कड दातेरी होते.

पोकळ बुटावर हातोडी

रिकाम्या बुटावर ठोकलंत तर दाब बसतच नाही, तळ नुसता आत-बाहेर होतो. आतून आधार हवा. माझ्याकडे एक जुना छोटा वरवंटा याच कामाला ठेवलाय, चिंध्यांत गुंडाळून तो पुढच्या भागात घट्ट बसवते. मग मधून कडेकडे ठोकत जायचं, म्हणजे हवा बाहेर पडते. या गोंदाला तासन्‌तास दाबून ठेवण्यापेक्षा जोरात दाबणं जास्त लागतं. तरी कडांसाठी मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळते. पंक्चरवाल्याकडे ट्यूब अशीच मिळते.

थोडक्यात आटपते: सुपरग्लू सुकून कडक होतो आणि चवडा वाकला की तडकतो. पांढरा फेव्हिकॉल लाकडासाठी आहे. पीव्हीसीच्या तळातलं तेलकट द्रव्य या पिवळ्या गोंदात उतरून तो लिबलिबीत होतो, त्याला पीयूचा गोंद लागतो. भिजलेला चामडी बूट आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत पूर्ण वाळवा, उन्हात नाही. डावा-उजवा आधी लिहून ठेवा.

एवढं करूनही कधी कड सुटते. ती दिसली त्याच दिवशी हातात घ्या. आत माती गेली नसेल तर फट काडीने उघडी ठेवा, थिनरने पुसा, दोन्ही बाजूंना पातळ गोंद द्या, सुकू द्या आणि मग दाबा. माती गेली असेल तर ड्रायरने गरम करत प्रोटेक्टर सावकाश पूर्ण सोडवा, जुना गोंद घासून काढा आणि पहिल्यापासून लावा.