१८६० चा इंग्लंड-फ्रान्स व्यापारी करार : वाचताना या चुका टाळा

२३ जानेवारी १८६० रोजी पॅरिसमध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांचा व्यापारी करार झाला. पाठ्यपुस्तकात तो इंग्रज मुक्त व्यापारवादी कॉब्डेन आणि फ्रेंच अर्थतज्ज्ञ शेवालिए यांच्या नावाने, ‘कॉब्डेन-शेवालिए करार’ म्हणून दोन ओळींत उरकलेला असतो: दोघांनी जकाती घटवल्या आणि युरोपात मुक्त व्यापार आला. अशा संक्षेपामुळे होणाऱ्या चुका त्या शतकातला कुठलाही करार वाचताना पुन्हा पुन्हा होतात, म्हणून त्या एकदा नीट तपासाव्यात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोघांनी सारखंच दिलं असं मानणं. इंग्लंडचा अर्थमंत्री ग्लॅडस्टन याच्या १८६० च्या अर्थसंकल्पात जकात लागणाऱ्या वस्तू ४१९ वरून ४८ वर आल्या, आणि ही सवलत फ्रान्सपुरती नव्हती, साऱ्या जगाच्या मालाला होती. फ्रान्सने मात्र दर उतरवले ते फक्त इंग्रजी मालासाठी. त्यामुळे फ्रान्सकडे दोन दरपत्रकं झाली: करार केलेल्यांसाठी एक आणि इतरांसाठी जुनं, चढं. दुसऱ्या पत्रकातून पहिल्यात यायचं तर फ्रान्सशी बोलणी करणं भाग होतं. बेल्जियम १८६१ मध्ये आला, प्रशियाच्या पुढाकाराखालचा जर्मन जकातसंघ (समान जकात लावणाऱ्या जर्मन राज्यांचा संघ) १८६२ मध्ये, इटली १८६३ मध्ये, स्वित्झर्लंड १८६४ मध्ये. करारांचं हे जाळं विणलं गेलं ते इंग्लंडच्या उदारतेने नव्हे, तर फ्रान्सच्या या दुहेरी दरांमुळे.

त्या जाळ्याची गाठ होती ‘सर्वाधिक पसंतीचे राष्ट्र’ हे कलम. उद्या तिसऱ्या देशाला आणखी सूट दिली तर ती आपोआप मलाही मिळेल, असा त्याचा अर्थ. पण हे कलम सगळीकडे सारखं नव्हतं. अमेरिका १७७८ च्या फ्रान्सशी केलेल्या करारापासून ते सशर्त लिहीत होती: तिसऱ्याने मोबदला देऊन सवलत घेतली असेल, तर तुम्हीही तसाच मोबदला द्या. अमेरिकेने ही पद्धत १९२३ मध्ये सोडली. तेव्हा नुसतं कलम दिसलं म्हणून थांबू नका. अट आहे की नाही ते पाहा.

दुसरी चूक सहीच्या तारखेची. जानेवारीच्या करारात फ्रान्सने फक्त कमाल मर्यादा मान्य केली होती: मूल्यावर ३० टक्के, आणि ऑक्टोबर १८६४ पासून २५. आज हे आकडे चढे वाटतात, पण त्याआधी इंग्रजी सुती मालाला फ्रान्समध्ये जवळपास प्रवेशबंदीच होती. प्रत्येक वस्तूचा प्रत्यक्ष दर ठरला तो ऑक्टोबर आणि नोव्हेंबर १८६० च्या पूरक करारांत. कॉब्डेन त्यासाठी पॅरिसमध्ये तळ ठोकून एकेका वस्तूवर वाद घालत होता. ही कंटाळवाणी परिशिष्टं वाचल्याशिवाय कराराबद्दल बोलू नये, असं माझं ठाम मत आहे. आणि सह्या पाहायच्या तर इंग्लंडकडून लॉर्ड काउली आणि कॉब्डेन, फ्रान्सकडून बारोश आणि रुएर. ज्या शेवालिएचं नाव कराराला चिकटलं, त्याची सहीच नाही. जर्मन जकातसंघाच्या करारावर १८६२ मध्ये सही झाली, तरी तो लागू व्हायला १८६५ साल उजाडलं. मधली वर्षं दक्षिण जर्मन राज्यांच्या विरोधात गेली.

टक्क्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवणं ही तिसरी चूक. मालाची खरी किंमत ठरवताना तंटे होत, म्हणून बहुतेक दर शेवटी वजनावर किंवा मापावर बांधले गेले. समजा १०० फ्रँकच्या मालावर ३० फ्रँक जकात ठरली आणि पुढे मालाचा भाव ६० वर आला. कागदावर काहीच बदललं नाही, पण भार ३० वरून ५० टक्क्यांवर गेला. १८७३ नंतर भाव वर्षानुवर्षं उतरत गेले, तेव्हा नेमकं असंच होत होतं. वाइनचंही तसंच. इंग्लंडने जकात मद्यार्काच्या प्रमाणावर बसवली. वरवर दर सर्वांना सारखा, पण फ्रान्सची हलकी वाइन खालच्या दरात बसली आणि पोर्तुगालची पोर्ट, स्पेनची शेरी या कडक वाइन वरच्या दरात गेल्या. त्या दोन देशांनी तक्रारी केल्या, आणि त्या निराधार नव्हत्या.

करारच का, साधा कायदा का नाही, हाही प्रश्न सुटून जातो. १८५६ मध्ये फ्रान्सच्या विधिमंडळाने परदेशी मालावरची बंदी उठवू दिली नव्हती. पण १८५२ च्या तरतुदीनुसार सम्राटाने केलेल्या व्यापारी करारातले दर विधिमंडळाला न विचारता लागू होत. सम्राट तिसऱ्या नेपोलियनने तीच वाट धरली.

शेवटची चूक आपल्या जवळची. भारताने सही केलेला असा करार शोधू नका; इथले दर लंडनच्या दबावाखाली ठरत. १८८२ मध्ये जवळपास सगळी आयात जकात गेली. १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के बसवताना मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावरही तितकाच अबकारी कर लादला गेला, आणि तो थांबायला १९२५ साल यावं लागलं. गोव्याचा १८७८ चा करार मात्र इंग्लंड आणि पोर्तुगाल या दोन सार्वभौम राष्ट्रांतला, म्हणून बरोबरीचा वाटतो. प्रत्यक्षात वर्षाला चार लाख रुपयांच्या बदल्यात गोव्याच्या मिठागरांवर ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचा ताबा आला. रक्कम पोर्तुगीज सरकारच्या तिजोरीत गेली. तोटा आगरांवर राबणाऱ्यांच्या वाट्याला आला. १८९२ मध्ये पोर्तुगालशी हा करार संपला.